आजेसासूची चूल आणि आजीची चूल

महाराष्ट्रातील घरगुती पाकपरंपरेचा विचार करताना चुलीपुढे बसलेली आजी आणि तिच्या शेजारी पिठात हात घालून बसलेले नातवंड हे चित्र इतके स्वाभाविक वाटते, की ते अनादि काळापासून तसेच चालत आले असावे असा समज सहज रूढ होतो; परंतु विवाहवय, शिक्षण आणि स्थलांतर यांच्या इतिहासाशी हे चित्र ताडून पाहिले असता, निदान पांढरपेशा मराठी कुटुंबांपुरते तरी ते फार जुने नाही असे दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या कुटुंबांतील बहुतेक मुलींना स्वयंपाकाचे खरे शिक्षण सख्ख्या आजीकडून मिळण्याइतका वेळच माहेरी मिळत नसे. ते शिक्षण सासरी, सासू आणि आजेसासू म्हणजे नवऱ्याची आजी यांच्या हाताखाली होई आणि त्याचा स्वभाव लाडाकोडापेक्षा उमेदवारीच्या जवळ जाणारा असे.

या विषयाची लिखित साधने वाचताना एक अडचण सतत जाणवते. मराठी मुलखाशी निगडित असे जुने पाकविषयक ग्रंथ उपलब्ध आहेत, पण ते दरबारांचे आणि पंडितांचे आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, 1129 च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नभोग नावाचे प्रकरण असून त्यात आजच्या मांड्यांशी नाते सांगणारे मंडक, पुरणपोळीची आठवण करून देणारी पोळिका, तसेच वटक आणि पूरिका यांची वर्णने येतात. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ सिद्ध केला, आणि त्याच दरबारातील सरफोजी दुसरे (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या मुदपाकखान्याशी, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघराशी, ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ ही हस्तलिखित परंपरा जोडलेली आहे. या ग्रंथांतून राजाच्या ताटात काय पडत होते ते कळते. मात्र पैठणच्या किंवा राजापूरच्या एखाद्या घरात दहा वर्षांची मुलगी भाताचे आधण ओळखायला कोणाकडून शिकत होती, याविषयी त्यांना कुतूहल नव्हते. ज्यांना ते ठाऊक होते त्या बायकांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना लिहिता येत होते त्या पुरुषांचे चुलीशी नाते बहुधा ताटावर बसण्यापुरते होते.

म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांची आत्मकथने या इतिहासासाठी पाकग्रंथांहून अधिक मोलाची ठरतात. रमाबाई रानडे यांचा विवाह 1873 मध्ये अकराव्या वर्षी झाला. 1910 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा त्यांच्या लिहिण्यावाचण्याला असलेला विरोध सविस्तर आला आहे, आणि त्यावरून सासरच्या बायकांच्या मंडळात नव्या सुनेवर किती बारीक नजर असे याची कल्पना येते. लक्ष्मीबाई टिळक यांचे लग्न 1880 च्या सुमारास, तेही अशाच कोवळ्या वयात झाले. 1934 ते 1936 या काळात निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचे जे वर्णन आहे, ते स्वयंपाकघर हे शिकण्याच्या आधी पाळण्याचे ठिकाण कसे होते हे दाखवते. सोवळे म्हणजे स्नान करून, धुतलेले आणि कोणाचाही स्पर्श न झालेले वस्त्र किंवा रेशमी मुकटा नेसून राखलेली शुचिता. ज्या घरात ते कडक असे, त्या घरातील मुलीला चुलीजवळ जाण्यापूर्वी काय शिवायचे, काय शिवायचे नाही आणि कोणाच्या हातचे पाणी कोठपर्यंत चालते, याचा एक संपूर्ण अभ्यासक्रम पार करावा लागे. मीठ किती घालायचे हा प्रश्न त्यानंतरचा होता.

ब्राह्मण घरांत या सोवळ्याच्या स्वयंपाकाचा मोठा भार विधवा स्त्रियांवर असे, ही गोष्ट आजीच्या हातच्या चवीविषयी बोलताना सहसा सांगितली जात नाही. केशवपन झालेली, लाल आलवण नेसलेली आत्या, काकू किंवा आजी ही घरातील कायमची स्वयंपाकीण ठरे, कारण तिला बाहेरच्या समारंभांत स्थान नव्हते आणि शुचितेच्या कल्पनेप्रमाणे तिचा हात चुलीला चालत होता. मंगलकार्यात जिने समोर येऊ नये असे मानले जाई, तिच्याच हातचे पुरण नैवेद्याच्या पानावर जात असे. मराठी कुटुंबांत ‘आजीची कृती’ म्हणून जे जपले गेले, त्यातील बराच भाग अशा स्त्रियांच्या सक्तीच्या एकांतातून तयार झालेला आहे आणि त्याकडे केवळ मायेच्या नजरेने पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले, त्यानंतर विधवांना शिक्षिका किंवा परिचारिका होण्याची वाट हळूहळू खुली झाली. तरीही चुलीपुढची ती बैठक पुढील दोन पिढ्यांपर्यंत अनेक घरांत तशीच राहिली.

माहेरच्या अल्प मुक्कामात मुलगी अगदीच काही शिकत नसे असे मात्र नव्हे. भातुकली, म्हणजे लाकडाच्या, मातीच्या किंवा पितळेच्या छोट्या भांड्यांचा संसार, हा खेळ म्हणून दिला जाई आणि त्यात चूल, उखळ, जाते, पोळपाट-लाटणे हे सर्व साहित्य मोठ्यांच्या साहित्याच्या प्रमाणात असे. त्यापुढची पायरी खऱ्या पिठाची होती. भाकरी थापून झाल्यावर काठवटीत, म्हणजे लाकडी परातीत, जो पिठाचा लहान गोळा उरतो त्याची तळहाताएवढी भाकरी मुलांसाठी केली जाते. तिला चानकी म्हणतात, आणि पुष्कळ मुलींनी आयुष्यातील पहिली भाकरी थापली ती हीच. उकडीच्या मोदकांच्या दिवशी उरलेल्या उकडीत मिरची, जिरे आणि मीठ मळून ज्या निवगऱ्या वाफवतात त्यांचेही तसेच आहे. मोदकाच्या पारीला एकसारख्या कळ्या पाडणे आणि त्या वर आणून नाजूक टोकात मिटवणे लहान बोटांना जमत नाही, पण निवगरी बिघडली तरी ती नैवेद्याची नसल्याने कोणी रागावत नाही. शिकाऊ हाताला नासधूस परवडेल असा पदार्थ नेमून देण्याची ही पद्धत कोणी ठरवून आखली नसेल, तरी तिच्यातील शहाणपण आजच्या शिक्षणशास्त्रालाही नाकारता येणार नाही.

या शिक्षणाची भाषा मापाची नव्हती, अदमासाची होती. धान्य मोजायला चिपटे, मापटे, शेर आणि पायली ही मापे घरात होतीच (दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली), पण ती कोठीच्या खोलीत वापरायची. चुलीपाशी चिमूट, मूठ, पसा आणि ओंजळ ही शरीराची मापे चालत. भातात पाणी किती, तर तांदळावर बोटाचे पेर बुडेल इतके. पाक किती झाला, तर अंगठा आणि तर्जनी यांत धरून ओढल्यावर एक तार येते की दोन, आणि वाटीभर गार पाण्यात थेंब सोडल्यावर त्याची गोळी वळते की तो विरघळतो, यावरून एकतारी, दोनतारी आणि गोळीबंद असे भेद केले जात. यातील प्रत्येक निर्णय डोळा, नाक, कान किंवा बोट यांपैकी एखाद्या इंद्रियाकडे सोपवलेला होता: फोडणीतील मोहरीचा तडतडाट थांबणे ही कानाची खूण, बेसनाचा खमंग वास ही नाकाची, तर पुरण शिजले की नाही हे त्यात उभा केलेला कलथा तसाच उभा राहतो का यावरून डोळ्याने ठरवायचे. पेराचे माप प्रत्येकीच्या बोटाप्रमाणे वेगळे असते हा आक्षेप तर्काने बरोबर आहे, परंतु एकाच घरातील त्याच पातेल्यात, त्याच शेतातील तांदूळ रोज शिजवणारीला त्या फरकाची बाधा होत नसे. ‘हात बसणे’ हा मराठी वाक्प्रचार नेमका याच अवस्थेचे नाव आहे.

पदार्थ फसल्यावर काय झाले हे सांगणारी शब्दसंपत्ती तर त्याहून सूक्ष्म आहे, आणि शिकणारीचे खरे ज्ञान तिच्यातच साठवलेले असे. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवतात, मग ते निथळून, किंचित दमट असतानाच कुटून त्यात गूळ किंवा साखर मळतात आणि ते पीठ काही दिवस मुरू देतात; गोडाचे प्रमाण किंवा ओल जास्त झाली तर तुपात सोडताच अनारसा पसरून त्याची शकले होतात आणि तेव्हा तो ‘हसला’ असे म्हणतात. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि पिठाची ‘विरी गेली’ असे म्हणून ते उकळत्या पाण्यात भिजवून घेण्याचा उपाय सांगितला जातो. गरम पाण्याने पिठातील पिष्टाचा काही अंश शिजून त्याला पुन्हा बांधणारा चिकटपणा येतो, हे त्यामागील कारण सांगणारीला माहीत नसले तरी उपाय बिनचूक होता. चकलीचे पीठ, त्यातील मोहन म्हणजे पिठात घातलेले कडकडीत तेल, आणि सोऱ्यातून पडताना तिला येणारा किंवा न येणारा काटा यांचेही असेच एक निदानशास्त्र आहे.

या ज्ञानाचा काही भाग असा होता की तो नीट पोचला नाही तर नुसती चव बिघडून भागत नसे. कोकणात आणि ठाणे-रायगडच्या डोंगरपट्टीत पहिल्या पावसाबरोबर शेवळे नावाचे रानकोंब येतात. ठाकर, कातकरी आणि वारली बायका ते जंगलातून काढून बाजारात आणतात आणि त्यांच्याबरोबर काकडे नावाची आंबट हिरवी फळेही विकतात, कारण ती फळे किंवा तसेच दुसरे आंबट घातल्याशिवाय शेवळे खाल्ली तर घशाला भयंकर खाज सुटते. अळूला चिंच लावण्यामागेही हेच कारण आहे. भाजी आणि तिचा उतारा यांची जोडी ज्या रानात राहणाऱ्या समाजांनी शोधून काढली, त्यांच्याकडूनच ती बाजाराच्या वाटेने शहरी घरांत आली. पांढरपेशा घरातील आजी नातवंडाला जी ‘घरची पद्धत’ म्हणून सांगते, तिचे मूळ पुष्कळदा अशा टोपलीवाल्या बाईच्या सांगण्यात असते. वालाच्या बिरड्यात धोका नाही, पण चिकाटी आहे: कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा अख्खा राहील अशा बेताने सालातून काढायचा. हे सोलणे हे म्हातारीच्या आणि मुलांच्या वाट्याचे काम, कारण त्याला ताकद लागत नाही आणि तरण्या बायकांना तेवढा वेळ नसतो. घराघरांत आजी आणि नातवंड एकत्र बसत असतील, तर त्याचे कारण पुष्कळदा श्रमाची अशी वाटणी हेच होते.

दळणाच्या बाबतीत ही वाटणी वेगळी होती. जात्यावर दोन बायका समोरासमोर बसून पहाटे दळत आणि दळताना ओव्या म्हणत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे आणि त्यांत माहेरची ओढ हा विषय पुन्हा पुन्हा येतो. दळणारी मुलगी ज्या घरात खुंटा धरून बसली होती ते तिचे जन्मघर नव्हते, ही गोष्ट त्या ओढीतून वेगळ्या पुराव्याची गरज न ठेवता कळते.

मग सख्खी आजी या चित्रात आली केव्हा? तिच्यासाठी आधी मुलीने माहेरी राहणे आवश्यक होते. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा बारा केली आणि 1929 च्या शारदा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले. कायद्यांपेक्षाही शाळेने हे अधिक परिणामकारकपणे घडवून आणले. 1884 मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे पुढील काळातील हुजूरपागा, निघाले तेव्हा त्याला झालेल्या विरोधात एक आक्षेप असा होता की दिवसभराच्या शाळेमुळे मुलींना घरकाम शिकायला अवसर राहणार नाही. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू काहीही असो, त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. आईच्या हाताखाली रोज होणारे शिक्षण शाळेने खरोखरच आखडले. परंतु त्याच शाळेने उन्हाळ्याची लांब सुट्टी नावाची एक नवी गोष्ट दिली आणि त्या सुट्टीने आजोळ, म्हणजे आईच्या माहेरचे घर, मुलांच्या आयुष्यात आणले. हा ऋतू योगायोगाने वाळवणाचा असतो. वर्षाची बेगमी म्हणून कुरडया, पापड, सांडगे आणि शेवया याच दिवसांत केल्या जातात. गव्हाचा चीक शिजताना ढवळायला, पापडाच्या लाट्या करायला आणि गच्चीवरील किंवा अंगणातील वाळवणावरचे कावळे हाकायला जितके हात मिळतील तितके हवे असतात. चिकाचा वाडगा आणि कच्ची लाटी ही त्या श्रमाची मजुरी होती आणि ती जागेवरच चुकती होई.

कोकणात आणखी एका कारणाने आजीचे महत्त्व वाढले. 1850 च्या दशकात मुंबईत पहिल्या कापड गिरण्या उभ्या राहिल्या आणि नंतरच्या काही दशकांत रत्नागिरी जिल्ह्यातील पुरुष मोठ्या संख्येने चाकरमानी होऊन शहरात गेले. बायको शेतीवर, मुले आजीपाशी आणि नवरा गिरणगावातील खाणावळीत, अशी कुटुंबाची विभागणी झाली. खाणावळीतील ताट चालवणाऱ्या बायका गावचीच चव विकत होत्या, आणि 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खाणावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले तेव्हा ही चव एक उत्पन्नाचे साधन म्हणून प्रथमच उघडपणे मोजली गेली. मुलग्यांचा मात्र या परंपरेत तुरळकच उल्लेख सापडतो. लग्नाकार्यात शेकडो पाने वाढणारा आचारी हा पुरुषच असे आणि त्याची विद्या बापाकडून किंवा आजोबाकडून चाले, पण ती घराची नव्हे, धंद्याची विद्या होती; घरच्या चुलीपाशी मुलगा शिकला तरी त्याची नोंद घेण्याची कोणाला गरज वाटली नाही.

छापील पुस्तक या साखळीत 1875 मध्ये शिरले. त्या वर्षी रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ प्रसिद्ध झाले, आणि ते मराठीतील पहिले पाकपुस्तक मानले जाते. त्याचा लेखक पुरुष असावा यात त्या काळाच्या दृष्टीने नवल काही नव्हते. 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आले आणि चुलीपुढच्या स्त्रीने स्वतः लेखणी धरल्याचा पुरावा मिळाला. मुंबईच्या पाठारे प्रभु समाजातील या लेखिकेने मांसमत्स्यांचे पदार्थही संकोच न करता दिले, त्यामुळे त्या पुस्तकात एका विशिष्ट ज्ञातीच्या घराचा वास टिकून आहे. 1970 मध्ये निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने मात्र वेगळेच काम केले. स्वतः सासूच्या हाताखाली स्वयंपाक शिकलेल्या या लेखिकेने अदमासाची भाषा बाजूला सारून वाटी आणि चमचा ही दोन मापे धरली. वजनमापांचा दशमान कायदा 1956 चा आणि त्याची अंमलबजावणी 1958 पासून टप्प्याटप्प्याने झाली; शेर-पायली गेली होती, किलोग्रॅम अजून हाताला ओळखीचा झाला नव्हता, आणि तराजू तर बहुतेक स्वयंपाकघरांत नव्हताच. अशा संधीकाळात वाटी हे माप प्रत्येकीच्या फडताळात आधीच होते. लग्न होऊन परगावी किंवा परदेशी गेलेल्या, सासू आणि आजी दोन्हीही जवळ नसलेल्या मुलींना हे पुस्तक आहेर म्हणून दिले जाऊ लागले, आणि आजेसासूची जागा अशा रीतीने एका छापील बाईने घेतली.

छापील परंपरेची मर्यादा ती कोणाच्या घरात शिरली नाही यावरून कळते. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यपद्धती, उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या आणि जनावराच्या प्रत्येक अवयवाचा काटकसरीने केलेला वापर, यांना विसाव्या शतकातील लोकप्रिय पाकपुस्तकांत स्थान नव्हते. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 मध्ये आले तोपर्यंत ते ज्ञान आज्यांच्या आणि आयांच्या तोंडीच राहिले. तेथे आजी हा स्मरणरंजनाचा विषय नव्हता, ती एकमेव ग्रंथ होती. 1972 च्या दुष्काळात, रेशनवर मिळालेल्या तांबड्या मिलोची भाकरी आणि दुष्काळी कामांवरील सुकडी यांवर दिवस काढणाऱ्या गावांतही तांदुळजा, पाथरी, कुर्डू यांसारख्या रानभाज्या ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचे ज्ञान असेच कोठे लिहिलेले नव्हते.

पाकपुस्तके घरात आल्यानंतरही हस्तलिखित वह्या संपल्या नाहीत. शिकलेल्या मुलींनी आजीच्या सांगण्यावरून शाळेच्या उरलेल्या पानांवर उतरवलेल्या या वह्यांत मापांचे तीन थर एकावर एक दिसतात: मूठ आणि चिमूट, त्यावर शेर आणि आण्याची कोथिंबीर, त्यावर वाट्या आणि चमचे. कृतीचा भाग पुष्कळदा दोन ओळींत संपतो, कारण लिहिणारीने तो पाहिलेला होता आणि पाहिलेले लिहून ठेवण्याची तिला आवश्यकता वाटली नाही. तिच्या नातीला मात्र त्या दोन ओळींमधली जागा वाचता येत नाही, आणि वाटीच्या बाबतीतही तिची पंचाईत होते. आजीची आमटीची पितळी वाटी केवढी होती, हे वहीत कोठेच लिहिलेले नसते.